वजनाचा रकाना

“मॅडम, डबल नावं निघून नाही राहिली. प्रोग्राम चालते, लाल अक्षरं येत नाही, पण यादी होती तेवढीच राहते. कृपया सांगावे. आपली, पुष्पलता गावंडे.”

हा निरोप मंगळवारी सकाळी ग्रुपवर आला तेव्हा मी नाशिकला आईच्या घरी पलंगावर उशीला टेकून बसले होते. मांडीवर लॅपटॉप होता. त्याआधी दहा मिनिटं मी जळगावच्या एका गृहस्थांना मेव्हण्याच्या लग्नाचे नऊशे फोटो तारखेप्रमाणे कसे लावायचे ते सांगितलं होतं, आणि त्याआधी एका मास्तरांच्या गुणपत्रकातला घोळ निस्तरला होता. मास्तरांनी गैरहजर मुलांनाही सरासरीत धरलं होतं आणि अख्खा वर्ग नापास झाला म्हणून हवालदिल झाले होते.

ग्रुपचं नाव होतं ‘पायथन मराठीतून’. पायथन म्हणजे संगणकाला कामं सांगायची भाषा. दहा-पंधरा ओळी नीट लिहिल्या की दिवसभराची कारकुनी मिनिटात उरकते. ग्रुपवर सहाशेच्या वर नवशिके होते आणि उत्तरं देणारे आम्ही तिघंचौघं. एरवी मी आठवड्यातून दोनदा डोकवायचे. त्या दिवसांत मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच असायचे. माझी बाळंतपणाची रजा चालू होती आणि बाळ नव्हतं.

तेही सांगून टाकते. मुलगी झाली होती. एकोणीस तास होती. त्या गोष्टीला तेव्हा सात आठवडे झाले होते. मला काही वाटत नव्हतं असं म्हटलं तर लोकांना ते बरं दिसत नाही, पण खरंच वाटत नव्हतं. वाढलं की जेवायचे, आंघोळ कर म्हटलं की करायचे. माझा नवरा प्रसन्न पुण्याहून रोज संध्याकाळी फोन करायचा आणि आज काय जेवलीस ते विचारायचा. मी भाजीचं नाव सांगायचे. आईने आळीव आधीच आणून ठेवले होते, ते डब्यात तसेच होते आणि ती त्या फडताळाकडे शक्यतो फिरकायची नाही. विषय काढायचा नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळत होते. मीही पाळत होते.

नवशिक्यांचे प्रश्न मला चालायचे. त्यांना उत्तर असतं. कुठल्या ओळीत चूक आहे ते संगणक स्वतःच लाल अक्षरांत सांगतो, आपण फक्त वाचून दाखवायचं. मी पटापट उत्तरं द्यायचे. पूर्वी मी दोन प्रश्न उलट विचारायचे, तुम्हाला नक्की काय हवंय, ही माहिती कुठून आली वगैरे. त्या महिन्यात मी तसलं काही विचारत नव्हते. प्रश्न यायचा, ओळ जायची, पुढचा.

गावंडेताई ग्रुपवर सगळ्यांना माहीत होत्या. बावन्न वर्षांच्या, अमरावतीच्या वरच्या डोंगराळ भागात सव्वीस अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. मुलाने नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना यांच्या पदरात पडला होता. सुरुवातीला त्यांनी अख्खा प्रोग्राम पत्रासारखा टाइप करून, वर ‘श्री’ घालून, छापून काढला होता आणि आता हा चालवायचा कसा, असं विचारलं होतं. पोरं हसली. त्या रागावल्या नाहीत. ‘श्री’ काढला तर चालेल काय, एवढंच त्यांनी पुढे विचारलं. त्यांचा एक नियम होता, शिकलेली प्रत्येक गोष्ट आधी वहीत हाताने करून पाहायची आणि मग संगणकाचं उत्तर तिच्याशी ताडायचं. मी त्यांना एकदा म्हटलंही होतं, सगळं हातानेच करायचं तर प्रोग्राम कशाला लिहिता. त्यावर त्यांनी हसरा चेहरा पाठवला आणि नियम चालू ठेवला.

मंगळवारचा त्यांचा प्रश्न असा होता. गुरुवारी सकाळी ग्रामीण रुग्णालयात शिबिर होतं. बालरोगतज्ज्ञ तीन महिन्यांतून एकदा यायचे. ज्या बाळांचं वजन फारच कमी, त्यांना गाडी घरून घेऊन यायची, डॉक्टर तपासायचे, गरज पडली तर तिथेच ठेवून घ्यायचे. पण गाडी फक्त यादीतल्या घरी थांबायची, आणि यादी बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत तालुक्याच्या कार्यालयाच्या इंटरनेटवरच्या पानावर भरायची होती. सव्वीस अंगणवाड्यांच्या सव्वीस फायली, अकराशेवर पोरं. त्यात कितीतरी दोनदोनदा आलेली, कारण आई माहेरी गेली की बाळाचं वजन तिथल्या अंगणवाडीतही होतं आणि सासरीही. ही दुबार नावं काढायची आणि उरलेल्यांतून कमी वजनाची निवडायची, एवढंच काम.

मी फाईल बघितली. दुबार ओळी निघत नव्हत्या कारण त्या तंतोतंत सारख्या नव्हत्या. एका काट्यावर पाच किलो शंभर, दुसऱ्यावर पाच किलो दोनशे. संगणकाला ती दोन वेगळी पोरं वाटत होती. मी लिहिलं, सगळी ओळ ताडू नका. बाळाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख हे तीनच रकाने ताडा. तिन्ही जुळले की पहिली ओळ ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. वजनाचा रकाना सोडून द्या, तो बघूच नका.

एका ओळीचं उत्तर होतं. त्यांनी ‘खूप आभारी आहे’ म्हणून हात जोडलेले पाठवले. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले, कुणाला तरी विजेच्या बिलांची बेरीज हवी होती.

बुधवारी दुपारी दोनला त्यांचा फोन आला. नंबर मीच कधीतरी दिला होता, पण फोनवर आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. आवाज जाड होता आणि मागे कुठेतरी पत्र्यावर माकडं उड्या मारत होती.

“मॅडम, एक लेकरू कमी येऊन राहिलं.”

मी विचारलं, म्हणजे काय. त्यांनी सांगितलं की काल रात्री त्यांनी वहीत हाताने दुबार नावं शोधली होती. ती तीस होती. प्रोग्रामने एकतीस ओळी उडवल्या होत्या. मी म्हटलं, ताई, तुमच्याकडून एक सुटलं असेल. अकराशे नावं माणूस हाताने बघतो तेव्हा सुटतंच.

“सुटलं असंन. पण मंग कोन सुटलं ते दिसाले पाहिजे न.”

आता मला कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर राग आला होता, आणि सात आठवड्यांत राग येण्याइतकंही काही झालेलं नव्हतं. मी जरा तोडूनच म्हटलं की संगणक मोजण्यात चुकत नाही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे मॅडम, तो चुकत नसेल, तरी मला तीस आणि एकतीस एका जागी बघायचेत. त्यांनी आवाज चढवला नाही आणि फोनही ठेवला नाही. त्या नुसत्या थांबून राहिल्या, दारात उभं राहून माणूस थांबतो तशा.

मग मी त्यांना सांगितलं की उडवलेल्या ओळी फेकायच्या नाहीत, वेगळ्या फायलीत काढून दाखवायच्या. खरं तर हे मी आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आधी दाखव, मग उडव. मी कित्येकांना शिकवलं होतं.

फोनवरून ते करून घ्यायला पाऊण तास गेला. कंस उघडला तो मिटला नाही. ओळ आत सरकवायची होती ती बाहेर राहिली. फायलीच्या नावात त्यांनी मोकळी जागा सोडली. मधेच लाइट गेले आणि लॅपटॉपची बॅटरी वीस टक्क्यांवर आली. त्या प्रत्येक कळ दाबताना तिचं नाव मोठ्याने म्हणत होत्या. आई दारात येऊन कुणाशी बोलतेयस म्हणून बघून गेली. बऱ्याच दिवसांनी मी कुणाशी इतका वेळ बोलत होते.

शेवटी एकतीस ओळी निघाल्या. त्या एकेक वाचायच्या आणि वहीतल्या नावावर बरोबरची खूण करायच्या. कासदेकर, धांडे, मावस्कर, पुन्हा कासदेकर. मी ऐकत होते. सव्विसाव्या ओळीला त्या थांबल्या.

“बाळ. आई सुमरती बेठेकर. बारा ऑक्टोबर.” मग पान उलटल्याचा आवाज आला. “हे माह्या वहीत नाही.”

मी म्हटलं, ठेवलेली ओळ बघा, तिच्यात काय आहे.

“त्यातबी तेच. बाळ. सुमरती बेठेकर. बारा ऑक्टोबर. गावबी तेच, अंगणवाडीबी तेच.”

“मग दुबारच आहे की.”

“नाही मॅडम,” त्या म्हणाल्या. “सुमरतीले जुळ्या हायेत.”

दोघींची नावं अजून ठेवलेली नव्हती. बाप वीटभट्टीवर गेला होता, होळीला येणार होता, तो आला की मग नावं. तोवर घरात एक थोरली आणि एक धाकटी. अंगणवाडीच्या सेविकेने नाव नाही म्हणून दोन्ही ओळींत ‘बाळ’ लिहिलं होतं. नाव तेच, आई तीच, तारीख तीच. माझे तिन्ही रकाने जुळत होते. गावंडेताईंनी हाताने तपासताना ही दोन नावं दुबार धरलीच नव्हती, कारण त्यांनी दोघींना पाहिलं होतं.

“वजनं वाचा,” मी म्हटलं.

थोरली पाच किलो दोनशे. धाकटी तीन किलो चारशे. चार महिन्यांची पोर.

थोरली आधी लिहिली होती म्हणून ती राहिली. तिचं वजन बरं होतं म्हणून ती शिबिराच्या यादीत आली नाही. धाकटी माझ्या ओळीने उडाली होती. सकाळी गाडी त्या गावावरून गेली असती आणि बेठेकरांच्या घरापाशी थांबली नसती.

इथे तुम्हाला टांगून ठेवत नाही. ती मुलगी जगली. शिबिरातून तिला रुग्णालयात ठेवून घेतलं, एकवीस दिवस ठेवलं, घरी गेली तेव्हा चार किलोच्या वर होती. आता दुसरीत आहे आणि बहिणीला मारते, असं गावंडेताई सांगतात. पण त्या बुधवारी पावणेचार वाजता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली. मघाचा राग सोडला तर सात आठवड्यांत मला स्पष्टपणे वाटलेली ती पहिली गोष्ट, आणि ती लाज होती. मी तसं बोलून दाखवायला लागले, ताई, चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. ते नंतर, म्हणाल्या, आधी पोरगी यादीत घालू.

यादी कार्यालयाच्या पानावर भरायला त्या बसल्या. शेजारच्या पतसंस्थेत इन्व्हर्टर होता, तिथे लॅपटॉप घेऊन गेल्या. मी फोनवरच होते. सदतीस नावं भरली. अडतिसावी ओळ पान घेईना. दुबार नोंद, असं लिहून यायचं. त्या पानावर ‘बाळ, आई सुमरती बेठेकर’ अशी एकच नोंद, थोरलीची, जन्मापासून होती आणि ते पान लिहिणाऱ्यानेही माझ्यासारखाच विचार केला होता. मी म्हटलं, ‘बाळ’च्या पुढे दोनचा आकडा टाका, घेईल.

“आकडा नको,” गावंडेताई म्हणाल्या. “थे काय पोतं हाय का मॅडम, नंबर टाकाले. नाव टाकू.”

दुसऱ्या फोनवरून त्यांनी तिथल्या सेविकेला, ललिताला, बेठेकरांच्या घरी पाठवलं. रेंज यायला ललिताला बाळाच्या आईला घेऊन टेकाडावर चढावं लागलं. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. माझ्या कानात गावंडेताई आणि त्यांच्या दुसऱ्या कानात सुमरती, असा तो तिघींचा कारभार चालला. सुमरतीचं म्हणणं असं होतं की खरं नाव बाप आल्यावर ठेवायचं, कागदावर बाईंना जे लिहायचं ते लिहा, आमची ना नाही. आणि गाडी किती वाजता येईल, तेवढं सांगा.

“आठ वाजता ये म्हणा रस्त्यावर, दोघीले घेऊन ये म्हणा,” असं तिकडे सांगून त्या माझ्याकडे वळल्या. “तर मॅडम, तुमीच सांगा एखादं चांगलं नाव. मले तं अकराशे नावं पाहूपाहू काही सुचून नाही राहिलं.”

मी घड्याळाकडे बघितलं.

“सांगा न. वीस मिनिटं हायेत.”

“मला एकच सुचतंय,” मी म्हटलं. “पण ते नाही देता येणार.”

“काहून?”

“ते माझ्या मुलीचं आहे.”

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रसन्नलाही नाही. आम्ही बारशाला ठरवू म्हणालो होतो, त्याने चार नावं काढली होती, आईने दोन. मी मनात सहाव्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं आणि गंमत म्हणून दडवून ठेवलं होतं. दवाखान्याच्या कागदांवर अमकीचं बाळ म्हणून माझंच नाव होतं. दाखल्यावरही माझंच.

“अस्सं,” गावंडेताई म्हणाल्या. “मंग राहू द्या, थे तिचंच राहू द्या. काय नाव हाय?”

“मंजिरी.”

“चांगलं हाय. केवढी हाय?”

पतसंस्थेत कुणीतरी शिक्के मारत होतं, ते ऐकू येत होतं.

“एक दिवसाची होती,” मी म्हटलं. “सात आठवडे झाले.”

त्या अरेरे म्हणाल्या नाहीत. देवाची मर्जी म्हणाल्या नाहीत, तू तरुण आहेस, पुढे होतील, असंही म्हणाल्या नाहीत. मी फोन कानाला लावून त्या सगळ्याची वाट बघत बसले होते. शिक्के थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

“वजन किती भरलं होतं?” त्यांनी विचारलं.

सात आठवडे लोक मला विचारत होते, तू कशी आहेस, जेवलीस का, झोप लागते का. तिच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. केस होते का, डोळे उघडले का, कुणासारखी होती, काहीच नाही. मला ते सगळं माहीत होतं आणि ते कुठे सांगायचं ते माहीत नव्हतं.

“दोन किलो नऊशे,” मी म्हटलं.

“चांगलं होतं,” गावंडेताई म्हणाल्या. “पयल्या खेपेले दोन-नऊशे म्हणजे लय चांगलं वजन. तुमी चांगली वाढवली होती तिले.”

मी हो म्हणायला गेले आणि मला रडू फुटलं. मला ते आवरता येईना. लॅपटॉप मांडीवरून घसरला. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली. तिच्या हातात उलथनं होतं. मी तिला फोनकडे बोट दाखवलं आणि रडतच राहिले.

“रडा तुमी,” त्या म्हणाल्या. “मी हाय इथंच, फोन ठेवत नाही. मले फक्त पाचच्या आत हे पोरगी घालू द्या.”

मग धाकटीसाठी त्यांना आत्ताच सुचलेलं फुलवंती हे नाव त्या टाइप करायला लागल्या. एका बोटाने, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत.